सिंगापूरहून आलेला माणूस

(सिंगापूरमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं मला 'आठवणीतली दिवाळी' हा विषय दिला होता. तयारीही झाली होती. पण गेल्या शनिवारी माझा दहा वर्षांचा मुलगा एक वाक्य बोलला, आणि त्यानंतर उटणं, किल्ला, पहाटेचा रेडिओ यांवर बोलणं मला जमेना. तेव्हा विषय बदलते आहे. सचिवांनी समजून घ्यावं.

आमच्या मजल्यावर शेजारी एक तमिळ आजी राहतात. माझा मुलगा त्यांना पाट्टी म्हणतो. मला ऑफिसातून यायला उशीर झाला की तो त्यांच्याकडेच असतो, त्यामुळे त्याची तमिळ आता माझ्या इथल्या सतरा वर्षांच्या तमिळपेक्षा बरी आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाट्टींनी आम्हा दोघांना त्यांचा लाडका सिनेमा दाखवला, 'भाग पिरिविनै'. 1959 च्या दिवाळीत लागलेला. शिवाजी गणेशन, सरोजादेवी, एम. आर. राधा, दिग्दर्शक भीमसिंग. तुमच्यातल्या ज्येष्ठांनी तो पाहिलाय, फक्त हिंदीतून. सुनील दत्त, नूतन आणि प्राणचा 1965 चा 'खानदान' आठवतोय ना? तोच. हिंदीतही दिग्दर्शक भीमसिंगच.

भाग म्हणजे आपलाच भाग, वाटा. पिरिविनै म्हणजे वेगळं होणं. पाट्टी म्हणाल्या, तमिळनाडूत वाटणीच्या दस्ताला आजही हाच शब्द आहे. म्हणजे सिनेमाचं नाव थेट 'वाटणी'.

गोष्ट दोन भावांची. थोरला वैद्यलिंगम, धाकटा सुंदरलिंगम. एकत्र घर, एकमेकांवर जीव. थोरल्याला मूल नाही. धाकट्याला दोन मुलगे: कण्णैयन आणि मणी. कण्णैयनला लहानपणी विजेचा धक्का बसून त्याचा एक हात नि पाय निकामी झालेला. शिवाजी गणेशननं तो हात सबंध सिनेमाभर असा सांभाळलाय की आपलाच खांदा दुखायला लागतो. थोरल्याची बायको अखिलांडम, तिच्या डोळ्यांत हा पोर सलतो. कुरबुरी असतात, पण घर टिकून असतं. मग तिचा भाचा येतो, सिंगारम. गोड बोलतो, याच्या कानात एक, त्याच्या कानात दुसरं. आणि एक दिवस घराची वाटणी होते. मधे भिंत येते. दोन म्हातारे भाऊ, एकमेकांशिवाय ज्यांना घास गिळत नाही, ते भिंतीच्या दोन बाजूंना.

हा सिंगारम कुठून येतो? सिंगापूरहून.

पाट्टी हसल्या. त्यांना ते ठाऊकच होतं. मुलगा मात्र हसला नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाला, "आई, म्हणजे मामांच्या घरातली भिंत आपण घातली?"

मी त्याला म्हटलं, हात धू आणि जेवायला बस.

मंडळी, आमचं घर देवगड तालुक्यात. पुढं खळं, मग ओटी, माजघर, मागं पडवी, विहीर, आणि वरच्या अंगाला कलमं. घरात एकच गणपती यायचा, पणजोबांपासून. पाच दिवस, आणि त्या पाच दिवसांत मुंबईचे, पुण्याचे, बडोद्याचे सगळे ओटीवर ओळीनं झोपायचे. पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही घरी तेच होतं.

बाबा गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी नऊ दिवसांची रजा काढून गेले. दादा आणि धाकटा यांच्यात धुसफूस होती. फवारणीचा खर्च कुणी करायचा, पेट्या कुणाच्या नावानं वाशीला पाठवायच्या, विहिरीवरच्या पंपाचं बिल. बाबा असतानाही हेच विषय होते. दोघं भांडायचे आणि संध्याकाळी एकाच ओटीवर चहा प्यायचे. पण मी पाहुणी. मला दोन दिवस ते ऐकवलं नाही. तिसऱ्या रात्री मी म्हटलं, "रोजची कटकट कशाला? एकदाच काय ती वाटणी करून टाका, संबंध तरी चांगले राहतील."

इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी हे वाक्य म्हटलंय? हात वर करायला सांगत नाही. पण 'व्यवहार वेगळा, नातं वेगळं' हे आपण बाहेर राहून किती सहज शिकलो, आणि किती सहज तिकडे जाऊन शिकवतो! आपण दहा दिवसांसाठी उतरतो. सातबारा मागतो, तलाठ्याकडे चकरा मारायला कंटाळतो, एक कागद घेऊन रकाने आखतो आणि सांगतो, हे तुझं, हे त्याचं. मग विमानात बसतो. भिंत बांधताना उडणारी धूळ ज्यांच्या ताटात पडते, ते तिथेच राहतात. आपण पैसे पाठवतो, बाबांच्या ऑपरेशनला पाठवले, कौलं बदलायला पाठवले, हे सगळं खरं. म्हणून घर मोडण्याबद्दलही आपलं मत सगळ्यांत शहाणं, असं कुणी ठरवलं?

आठव्या दिवशी मी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. महाराष्ट्रात 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा आहे, 2005 मध्ये देशभर आला. मी तो सोडला, माहेर राहावं म्हणून. सही करताना मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. नवव्या दिवशी विमान.

श्रावणात भिंतीचा फोटो आला. नऊ इंची, चिऱ्याची, माजघराच्या बरोबर मधून. देवघर दादाकडे गेलं, पडवी धाकट्याकडे. विहीर सामाईक. त्या वर्षी घरात दोन गणपती आले. व्हिडिओ कॉलवर मी आधी दादाकडचा पाहिला. त्याची आरती चालू असताना मागून दुसरी आरती ऐकू येत होती, अर्ध्या कडव्यानं मागे. मुलानं विचारलं, एको येतोय का? मी हो म्हटलं.

सिनेमात सगळा दोष अखिलांडमवर जातो. पाट्टीही तिला अजून शिव्या देतात. आपल्याकडेही हेच: बायका आल्या नि घर फुटलं. मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच तमिळ मुलखात आहे. आपल्या इतिहासातलं एक मोठं वाटणीचं भांडण कुठं झालं? तंजावरला. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत गेले तेव्हा कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला सावत्र भाऊ व्यंकोजीराजांची भेट झाली. शहाजीराजांच्या मिळकतीतला वाटा महाराजांनी मागितला, आणि व्यंकोजी रात्रीतून निघून गेले. पुढे लढाईसुद्धा झाली. मग समेट कुणामुळे झाला? व्यंकोजींच्या राणीमुळे, दीपाबाईंमुळे. तहात महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख त्यांना चोळीबांगडीसाठी दिला, तो काही उगीच नव्हे. पुढे व्यंकोजी विरक्तीकडे झुकले, तेव्हा त्यांना उठून कामाला लागा, असं वडीलकीनं लिहिणारे महाराजच होते. ज्याच्याकडे वाटा मागितला, त्याच्या मनाची काळजीही घेतली. शिवाजी गणेशनला 'शिवाजी' हे नाव महाराजांची भूमिका केल्यामुळेच मिळालं. तमिळ समाजसुधारक पेरियारांनी दिलं. पाट्टींना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तुमच्याकडे मधे पडायला एक दीपाबाई होती.

आमच्याकडेही आहेत, दोन. माझ्या दोन्ही वहिन्या. विहिरीवर त्यांची रोज भेट होते. एकीकडचं कुळथाचं पिठलं दुसरीकडे जातं, पदराआडून. भिंतीच्या आत मात्र त्या बोलत नाहीत, कारण नवरे बोलत नाहीत.

परवा भाऊबीज झाली. मी दोनदा ओवाळलं, दोन कॉल, एकच निरांजन. दादा शेवटी म्हणाला, "तिकडे सगळं बरं आहे ना?" मला वाटलं, सिंगापूरबद्दल विचारतोय. मग म्हणाला, "नाही, त्याचं प्रेशर वाढलं होतं म्हणे." अर्ध्या तासानं धाकटा. त्यानं विचारलं, दादानं गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवलं का? नऊ इंच पलीकडची खबर चार हजार किलोमीटर जाऊन, माझ्याकडून फिरून त्यांना कळते. मी सांगते. दोघांनाही सांगते. मुलगा समोर बसून ऐकत होता.

'भाग पिरिविनै' संपताना घर जुळतं. आमच्याकडे काय होईल ते मला दिसत नाही. पण मुलाच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि ते द्यायचं तर आधी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी नवऱ्यालाही आत्तापर्यंत सांगितली नव्हती.

त्या तिसऱ्या रात्री माझं वाक्य ऐकून दोघंही गप्प बसले होते. हो कुणीच म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कलमांत दादा एकटा भेटला, त्याला मी म्हटलं, "धाकट्याला वेगळं व्हायचंय, तुझ्यासमोर बोलत नाही इतकंच." दुपारी धाकट्याला म्हटलं, "दादा वाटणीला तयार आहे, तू फक्त हो म्हण." दोघांपैकी कुणीही मला असं सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी अडलेली गाडी पुढे ढकलते आहे. माझी रजा संपत होती. आज तीन वर्षं दादा समजतो, वाटणी धाकट्यानं मागितली. धाकटा समजतो, दादानं आपल्याला बाहेर काढलं.

हे भाषण मंडळाच्या संकेतस्थळावर जाणार आहे. संपादकांना मी सांगितलंय, बाकी काहीही काढा, हा भाग काढू नका. माझा पुतण्या आपल्या मंडळाचं पान नेहमी उघडतो, गणपतीचे फोटो बघायला. तो थोरल्या घरचा, पण संध्याकाळी अभ्यासाला धाकट्या काकाच्या पडवीत बसतो. तो हे आधी कुणाला वाचून दाखवेल, ते मला माहीत नाही.