प्लग पुसण्यापूर्वी

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘शक्तिशाली इंजिनातील काजळलेल्या स्पार्क प्लगचे निदान’ असा जाहीर झाला आहे आणि त्या निदानाचा क्रम मी सांगणार आहेच. परंतु त्याआधी एक गोष्ट मांडल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ट्यूनिंग केलेल्या गाड्यांचे जे काळे प्लग माझ्यासमोर येतात, त्यांतील बऱ्याच प्लगांच्या बाबतीत इंजिनात कोणताही दोष नसतो. त्या इंजिनाला आणि ते ज्या रीतीने चालवले जाते त्या रीतीला हवा त्यापेक्षा थंड प्लग बसवलेला असतो, इतकेच.

आपण सर्वजण स्वतः पाना हाती घेणारे आहात, म्हणून मुळाक्षरे गिरवत नाही. इन्सुलेटरचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावर बसलेला कार्बन जळून जातो. ८५० अंशांच्या पुढे मात्र ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटण्याचा धोका सुरू होतो. या दोन मर्यादांच्या मध्ये प्लगला ठेवणे हेच हीट रेंजचे काम. इन्सुलेटरचे नाक आखूड असेल तर उष्णता लवकर हेडमध्ये जाते आणि प्लग थंड राहतो, लांब असेल तर तो तापलेला राहतो. ठिणगीच्या ताकदीशी याचा काहीही संबंध नाही. येथे एक सावधगिरीची सूचना देतो: एनजीके आणि डेन्सोच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियनच्या क्रमांकात आकडा वाढला की तो गरम होतो. कंपनी बदलून ‘एक आकडा वर’ जाणारा माणूस नेमका उलट्या दिशेने जाऊ शकतो, आणि बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलेल्या इंजिनात त्याची किंमत पिस्टनला पडलेले भोक ही असते.

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय माझ्या मनात घर करून राहिला, तो सांगतो. चार सिलिंडरचे टर्बो इंजिन असलेली एक गाडी होती. मालकाने बूस्ट वाढवून घेतला आणि शर्यतीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांत वापरतात म्हणून दोन पायऱ्या थंड प्लग बसवले. ही गाडी रोज धावायची ती मात्र जेमतेम काही किलोमीटर, आणि ‘उभी राहून खराब होऊ नये’ म्हणून सुटीच्या दिवशी ती जागेवरच काही मिनिटे चालू करून बंद केली जायची. थंड इंजिनाला इंजेक्टर जास्त पेट्रोल देतात, त्या पेट्रोलाची काजळी प्लगवर बसते, आणि ती जाळण्याइतके तापमान येण्याआधीच इंजिन बंद होते. जपणुकीच्या भावनेने केलेली ही कृती प्लगला सर्वांत जास्त मारक आहे, हे कृपया आपल्या ओळखीच्या प्रत्येक गाडीवेड्याला सांगा.

व्हायचे तेच झाले आणि पूर्ण थ्रॉटलवर गाडी मिसिंग (मिसफायर) करू लागली, म्हणजे मधूनमधून मिश्रण न पेटता अडखळू लागली. सिलिंडरमधला दाब जितका अधिक, तितका गॅप, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, ओलांडण्यासाठी व्होल्टेज अधिक लागतो. आणि काजळी वीजवाहक असल्यामुळे तो व्होल्टेज पुरता चढण्याआधीच इन्सुलेटरवरून बॉडीकडे गळून जातो. एका कार्यशाळेने काळे प्लग पाहून मिश्रण रिच, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, असल्याचा निर्णय दिला, नवे प्लग घातले आणि मॅपमधले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील इंधनाच्या तक्त्यामधले, पेट्रोल कमी केले. गाडी काही काळ सुरेख चालली, म्हणून निदान बरोबर ठरले. वास्तविक ती चालली ती प्लग नवे होते म्हणून. तक्रार परतल्यावर प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइल बदलल्या गेल्या आणि त्यांच्यासोबत पुन्हा प्लग. त्यानंतर गॅप कमी केला गेला, तोही अर्थातच नव्या प्लगांवर. प्रत्येक चुकीच्या उपायाला नव्या प्लगांनी यश मिळवून दिले. या सगळ्यात खरोखर भयंकर होते ते बूस्ट वाढवलेल्या निर्दोष इंजिनाचे मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, करणे, कारण त्यातून डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) झाले असते तर प्लगांऐवजी पिस्टन बदलावे लागले असते.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा चारही प्लगांवर सारखीच कोरडी, मऊ, मखमली काजळी होती. फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलात आपणहून करतो ती दुरुस्ती, शून्याच्या आसपास होते आणि वाइडबँडवर (मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरवर) लोड देऊन पाहिले तेव्हा मिश्रण रिच नव्हते. उलट ते असायला हवे त्यापेक्षा लीनच झालेले होते. तेव्हा आधी मॅप दुरुस्त केला, मग मूळ हीट रेंजचे प्लग बसवले आणि मालकाला लांबच्या, सलग प्रवासाला धाडले. परतल्यावर काढलेल्या प्लगांचे इन्सुलेटर फिकट करडे होते. कॉफीसारख्या तपकिरी रंगाची अपेक्षा अजूनही अनेकजण धरतात, परंतु ती कार्ब्युरेटर आणि शिसेयुक्त पेट्रोल यांच्या काळातली आहे. शिसेविरहित पेट्रोलावर निरोगी प्लग बराच फिकट दिसतो.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पुढे केली आहे, तेव्हा आता निदानाचा क्रम भरभर सांगतो. प्लग काढण्यापूर्वी इंजिनाच्या संगणकातले दोषांचे कोड नोंदवून ठेवा: पी ०३०० म्हणजे अनेक किंवा अनिश्चित सिलिंडरमधले मिसफायर, पी ०३०३ म्हणजे केवळ तिसऱ्यातले. काढण्याआधी इंजिन बराच वेळ आयडलवर, म्हणजे जागेवर मंद गतीने, ठेवू नका, कारण लोडखाली उमटलेल्या खुणांवर आयडलची काजळी चढते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडा. ते एका डब्यात एकत्र टाकले की अर्धी माहिती गेली. रंगाकडे पाहण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवा: हा थर सर्व प्लगांवर आहे की एकाच प्लगवर, आणि तो कोरडा आहे की ओला.

सर्वांवर कोरडी काजळी असेल, तर हीट रेंज, छोटे प्रवास, तुंबलेला एअर फिल्टर, रिच मिश्रण यांचा विचार करा. एकच प्लग पेट्रोलने ओला असेल, तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर घाला. मिसफायरचा कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा, न सरकल्यास नवा प्लग घालून पाहा आणि मग इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासा. टोकावर काळे, चकचकीत तेल असेल, तर व्हॉल्व्ह सील आणि पिस्टन रिंग यांसाठी लीकडाउन चाचणी (सिलिंडरमधून हवा किती गळते हे पाहणारी) करा. सर्वच प्लगांवर तेल असेल तर टर्बोचे सील आणि क्रँककेसमधल्या वाफा बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही पाहा. तेल केवळ बाहेरच्या भागावर आणि आट्यांवर असेल, तर ते व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून प्लगच्या खोबणीत उतरलेले असते आणि त्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नसते. बाहेरच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर धातूलगत दिसणारे तपकिरी वलय हा कोरोना डिस्चार्जचा डाग होय, गॅसगळती नव्हे. आतला इन्सुलेटर पांढराफटक, काचेसारखा झालेला किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण दिसले, तर मात्र गाडी पुन्हा चालू करू नका.

इरिडियम प्लगला तारेचा ब्रश लावू नका. त्याचे टोक तुटते आणि ब्रशचा धातू इन्सुलेटरवर घासला जाऊन विजेला नवी वाट मिळते. ॲल्युमिनियम हेडमध्ये गॅस्केट असलेला १४ मिलिमीटरचा प्लग साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरवर कोरड्या आट्यांनी घट्ट करा, कारण ग्रीस लावल्यास त्याच टॉर्कवर तो प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. त्यानंतर कोड पुसा, गाडी लांब आणि सलग चालवा, आणि ती उत्तम चालत असली तरीही प्लग पुन्हा एकदा काढून पाहा.