हिवाळ्यात हेमिस: पहिले दोन दिवस काहीच नाही

(विमानाच्या खिडकीतून बर्फाच्या रांगा)

दिल्लीहून विमान सुटलं की दीडेक तासात लेह. हिवाळ्यात मनालीचा रस्ता बर्फाखाली असतो, श्रीनगरच्या रस्त्यावरच्या झोजी ला खिंडीचाही भरवसा नाही. त्यामुळे हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या बघायला येणारे जवळपास सगळेच विमानाने येतात. खरी गोम इथेच आहे.

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेहचा बाजार त्याच्या दुपटीहून उंचावर, सुमारे ३,५०० मीटरवर भरतो. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. शरीर याला सरावतं, पण सवडीने. पाहुण्यांची थंडीची तयारी चोख असते. सहलीच्या वेळापत्रकात मात्र विश्रांतीला जागाच नसते.

लेहमध्ये पहिले दोन दिवस काही करायचं नाही. खायचं, पाणी प्यायचं, पडून राहायचं. दारू नाही, झोपेची गोळी नाही. आणि ‘मी दर रविवारी गड चढतो’ हा दाखला इथे चालत नाही. उलट दमदार माणूसच डोकेदुखी अंगावर काढतो, म्हणून त्याच्यावर जास्त नजर ठेवावी. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

(उद्यानातलं रुंबक खोरं. कड्यावर भरलांचा, म्हणजे जंगली निळ्या मेंढ्यांचा कळप)

हेमिसची स्थापना १९८१ची. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं हे देशातलं सर्वात मोठं राष्ट्रीय उद्यान. थंडीत भरल चाऱ्यासाठी खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या. रुंबक गाव ४,००० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे लेहपेक्षा पुन्हा बरंच वर.

हिमबिबट्या बघणं म्हणजे मुख्यतः बसून राहणं. चढताना घाम येतो, मग स्पॉटिंग स्कोपला डोळा लावून दोन-तीन तास हालचाल नाही. थंडी बाधते ती तेव्हा. म्हणून चढताना वरचं जॅकेट काढून पिशवीत टाका आणि थांबल्याबरोबर, गारठा जाणवायच्या आधी, चढवा. बुडाखाली फोमची चटई हवीच. ट्रायपॉडच्या धातूला उघडा हात लावू नका. पाणी वरून गोठत जातं, तेव्हा बाटली उलटी ठेवा. तोंडाशी बर्फ धरत नाही. बर्फावर गडद गॉगल घाला, ढगाळ दिवशीसुद्धा.

नाकाचा शेंडा किंवा बोट पांढरं, मेणासारखं, सुन्न झालं तर चोळू नका. बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या लोखंडी शेगडीजवळही धरू नका, सुन्न कातडीला भाजलेलं कळत नाही. बोटं काखेत धरा, नाकावर उबदार तळहात ठेवा.

(होमस्टेतली बुखारी, धुराड्याचा पाइप)

ही बुखारी संध्याकाळी जीव की प्राण वाटते. तिच्या धुराड्यातून धूर नीट बाहेर जातोय ना, हे यजमानांना निःसंकोच विचारा. दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणं तर कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो हा उंचीचाच त्रास.

उंचीचा त्रास ओळखायचा कसा? डोकेदुखी, मळमळ, भूक मेलेली, झोप नाही: एवढं असेल तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला सुटत नसेल, तर फुप्फुसात पाणी होत असल्याची शंका घ्या. बोलणं असंबद्ध वाटलं तर त्या माणसाला टाच-पंजा जोडत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज येत असावी. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. ऑक्सिजन असेल तर लावा आणि रात्र असली तरी खाली न्या, लेहच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड घ्या. तरी खोऱ्यात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका. खराब हवेत लेहची विमानं सर्रास रद्द होतात. परतीच्या तिकिटानंतर एखाद-दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे सुरुवातीचे विश्रांतीचे दिवस कापायचा मोह होणार नाही.