काही लागलं तर सांगा

नमस्कार, श्रोतेहो.

मी इंदूरच्या रामबागेत राहतो. वय ६६. आमच्या हिला नऊ वर्षांपासून संधिवात आहे, डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. तिच्या आजाराबद्दल कितपत बोलायचं, हे तिनं मला घरून निघतानाच बजावलंय. त्यामुळे आज मी जास्त करून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाबद्दल बोलेन.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. सकाळी तास-दीड तास बोटं उघडत नाहीत. साडेपाचला मी पातेल्यात पाणी कोमट करतो, ही दोन्ही मुठी त्यात बुडवून बसते, तोवर मी दुधाची पिशवी कापून चहा टाकतो. चहा उकळायच्या आत मुठी सुटल्या, तर दिवस बरा जाणार असा आमचा आपला अंदाज. साडीच्या निऱ्या पाडायला मी साठीनंतर शिकलो. पहिला महिनाभर त्या उलट्या बाजूला जात आणि ही आरशात बघून कपाळाला हात लावायची, म्हणजे हात वर जात असेल त्या दिवशी.

या निऱ्यांमुळे नात्यागोत्यात माझं फार कौतुक होतं. 'भाऊजी किती करतात हो!' माझ्या ताईनं ग्वाल्हेरला आपल्या यजमानांचं पाठीचं दुखणं अकरा वर्षं काढलं. तिला असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. मीसुद्धा कधी म्हटलं नाही.

आता जरा भाषेचं सांगतो. आपण इंदुरी मंडळी घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. घरी ही मला सांगते, मनगटात ठणका आहे, अंगठ्यातून सणक जाते, गुडघा आखडलाय, तळपायांची आग होतेय. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, 'दर्द कैसा है?' आणि मी पुढे होऊन म्हणतो, 'जी, बहुत है.' झालं! चार दुखण्यांचं एक 'बहुत' करून टाकलं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली तयार केली, तिच्यात वेदनेसाठी ७८ शब्द आहेत. ठणकणं आणि आग होणं यांची कारणं वेगळी असू शकतात, औषधंही वेगळी. हे कळल्यावर मी एक शंभर पानी वही घातली. दुखलं कसं ते हिच्याच शब्दांत लिहायचं, आणि त्यापायी काय करता आलं नाही तेही. 'कुकरचं झाकण लागलं नाही', 'जिना उतरताना दोनदा बसली'. पुढच्या खेपेला मी 'तलवों में जलन' असं वाचून दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि नसांचीही तपासणी करून घेतली.

त्यात आणखी एक गंमत, गंमत कसली म्हणा! औषधानं सूज उतरते, रक्ताचे रिपोर्ट सुधारतात, आणि काही जणांचं दुखणं तरीही राहतं. 'रिपोर्ट तर छान आहेत की,' असं आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा म्हणून गेलाय. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता स्वतःची जागा आहे, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत. पण पाहुणे ते वर्गीकरण वाचून थोडेच येतात?

माझं बिनसलं ते गेल्या पावसाळ्यात. एका रात्री हिनं मला तिसऱ्यांदा उठवलं आणि मी म्हणालो, 'आता मी काय करू?' आवाज चढला होता. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागली, म्हणे तिथे वारा चांगला येतो. मला खरं वाटलं. पंधरा दिवसांनी आमच्या कामवाल्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, 'बाबूजी, दीदी रात रात भर बैठी रहती हैं.' माझ्या बायकोच्या रात्री मला मोरीपाशी कळल्या.

मग मीही जागायला लागलो, आपल्या खोलीत, कानोसा घेत. दोन माणसं दोन खोल्यांत जागी, आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन. आता हिची एक गोळी आहे, मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमचा वार मंगळवार. एका बुधवारी सकाळी मी त्याच गोळ्या पुन्हा वाटीत काढून दिल्या. हिनं रंगावरून ओळखल्या आणि वाटी नुसती माझ्याकडे सरकवली. तेव्हा मला दरदरून घाम फुटला.

त्या दिवशी मी पुण्याला मुलाला फोन केला. तो दर वेळी म्हणतो तसं म्हणाला, 'बाबा, काही लागलं तर सांगा.' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि सगळेच ऐकतो, आणि त्यावर ठरलेलं उत्तर देतो, 'हो हो, नक्की.' त्या दिवशी मी म्हणालो, 'लागतंय. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात आईला व्हिडिओ कॉल करायचा, मी घरात नसेन.' तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, 'बाबा, तुम्ही बरे आहात ना?' हे मला कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

मग माझी भीड चेपली. वहिनींना मंगळवार दिला, दुपारी चार ते सहा, आणि गोळ्यांची वाटी त्यांनी तपासायची. शेजारचे जैनसाहेब असेही कामानिमित्त दवा बाजारात जातात, तर महिन्याची औषधं त्यांच्याकडे. वार आणि वेळ सांगितली की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. एकानं मात्र टाळलं, जवळच्याच. ते असो.

बाकीचा आधार मला दवाखान्याच्या बाकावर मिळाला. आपापल्या माणसाचा नंबर यायची वाट बघत आम्ही चौघं बसायचो. एकाच्या पत्नीची कंबर, एका बाईंच्या यजमानांना नागीण होऊन गेल्यावर उरलेली आग, एका तरुण मुलाच्या बायकोला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार. आता महिन्यातून दोन रविवारी सकाळी आम्ही नेहरू पार्कात भेटतो आणि मग पोहे-जिलबी. तिथे कोणी कोणाला सल्ला देत नाही, निदान पोहे येईपर्यंत तरी. 'मला कधीकधी तिचा राग येतो,' हे मी पहिल्यांदा तिथे मोठ्यानं बोललो, आणि त्या बाई म्हणाल्या, 'मग? मला तर रोज येतो.' वेदनेवर उपचार करणारे डॉक्टर बहुतेक वेळा मुळात भूलतज्ज्ञ असतात, हेही मला याच बाकावर कळलं. तोवर भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी दिसणारा माणूस, एवढंच मला ठाऊक.

रात्री दोनला बाक नसतो. त्या वेळेसाठी एक नंबर लिहून घ्या. भारत सरकारची टेली मानस, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीची फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. मोफत, चोवीस तास, मराठीतही. नंबर १४४१६. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा. सांभाळणाऱ्यानंही लावायला हरकत नाही, मी लावलाय.

आणखी एक चूक सांगून टाकतो. सगळं मीच करायचं, असं मी ठरवलं होतं. हिच्या हातातली विळी काढून घ्यायचो, ही उठली की 'बस, बस' करायचो. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई एकदा म्हणाल्या, तुम्ही त्यांना आजारी ठेवताय. जोडीदारानं फार झेलत राहिलं तर दुखणाऱ्या माणसाचं हलणं-फिरणं कमी होतं, असं अभ्यासांतूनही दिसलं आहे. आता ही दहा मिनिटं भाजी चिरते, दहा मिनिटं थांबते. दिवाळीत बरं वाटलं म्हणून एका दुपारीच सगळ्या चकल्या पाडून बसली आणि पुढचे चार दिवस अंथरुणात गेले. तेव्हा आमचं मोठं भांडण झालं. चकल्या मात्र छान झाल्या होत्या.

गुरुवारचा तो एक तास मी आधी नुसता चालायचो, राजवाड्यापर्यंत जाऊन परत. डिसेंबरात एका गुरुवारी मुलगा म्हणाला, आज आईशी उशिरापर्यंत बोलणार आहे, तुम्ही सावकाश या. पाय आपोआप सराफ्यातल्या खाऊगल्लीकडे वळले. थंडीत गराडू, म्हणजे कंदाचे तुकडे, खायला आम्ही दोघं मिळून जायचो, तळलेले, वर जीरावन मसाला, वर लिंबू. मी एकटा उभा राहून खाल्ले आणि घशाखाली उतरेनात. कोपऱ्यावरच्या नळावर हात धुतले, रुमालानं तोंड पुसलं, आणि घरी येऊन सरळ बाथरूमकडे निघालो.

हिनं दिवाणावरूनच विचारलं, 'जीरावनचा वास येतोय. मला का नाही आणले?'