टिप कोणाची? कॅसिनोतल्या डीलरच्या कमाईविषयी

मित्रहो, कॅसिनो म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात. जुगार वाईट, आणि सरकारला महसूल किती. मांडवीतल्या बोटींवरून गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पण टेबलापलीकडे उभं राहून पत्ते वाटणारी मुलं-मुली, म्हणजे डीलर, काय कमावतात, कशी कमावतात, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या नोकरीत कमाईचा मोठा भाग टिपेतून येतो, तिथे ती टिप कोणाची हे लेखी ठरलेलं असलं पाहिजे.

गोव्याच्या कॅसिनोत जाऊन आलेल्यांनी जरा हात वर करा. चारच? बाकीच्यांच्या शेजारी घरची माणसं बसली आहेत, हे मी समजू शकतो. (हशा) असो. गेला असाल तर पाहिलं असेल, डीलर टेबल सोडताना हलकी टाळी वाजवतो आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवतो. वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं, की हातात चिप, म्हणजे पैशांऐवजी खेळायची चकती, नाही. बऱ्याच ठिकाणी गणवेशाला खिसेच नसतात. टिपेची चिपसुद्धा सगळ्यांदेखत टेबलाजवळच्या डब्यात जाते. पैशाच्या इतक्या जवळ उभा असलेला आणि पैशापासून इतका दूर ठेवलेला कामगार दुसऱ्या धंद्यात क्वचितच सापडेल.

आता लास वेगासची एक गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण सगळं म्हणणं तिच्यातच आहे. ओल्क नावाचा एक डीलर होता, क्रॅप्सच्या, म्हणजे फाशांच्या टेबलावरचा. टेबलावर चौघांची टोळी, मिळालेली टिप एकत्र करायची आणि शिफ्ट संपताना सारखी वाटून घ्यायची. एखाद्याने स्वतःकडे ठेवली तर नोकरी गेली. गिऱ्हाइकाशी जास्त बोलायचं नाही, कुणाला खास वागणूक द्यायची नाही. टिप देणारे शंभरात पाच-दहा जण. ओल्कचं म्हणणं असं, की मी कुणासाठी वेगळं काहीच करत नाही, करूच शकत नाही. मग हे पैसे म्हणजे भेट, आणि भेटीवर आयकर लागत नाही. खालच्या कोर्टाने ते मान्य केलं! 1976 साली वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. खेळणारा नशिबाच्या देवतेला नैवेद्य दाखवतो तो दामदुपटीने परत यावा म्हणून, त्याला निःस्वार्थ भेट कसं म्हणायचं, असं न्यायाधीशांनी विचारलं. सत्यनारायण घालणाऱ्या आपल्या समाजाला हा युक्तिवाद समजावून सांगायला नको. (हशा) त्या निकालाने टिप ठरली कामाची कमाई, आणि तिच्यावर कर लागला.

पण मला त्या निकालपत्रातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यात कॅसिनोची रीत नोंदवली आहे: डीलरवर देखरेख करणाऱ्या पिट बॉसला टिप घ्यायची मनाई. कारण गिऱ्हाइकाला खास वागणूक मिळवून देणं त्याच्या हातात असतं.

तीस वर्षांनी, 2006 मध्ये, विन लास वेगास या कॅसिनोने नेमकं उलट केलं. डीलरांच्या टिपेत पर्यवेक्षकांचा वाटा घातला. कारण काय सांगितलं? तिथले डीलर टिपेसह वर्षाला लाखभर डॉलर कमावतात अशा बातम्या होत्या. पर्यवेक्षकाला त्याहून कमी, त्यामुळे बढती कुणालाच नको. अडचण खरी होती. पण ती सोडवायला मालकाने स्वतःच्या तिजोरीत हात घालायचा की डीलरांच्या डब्यात? डीलर चिडले. 2007 मध्ये त्यांनी मोठ्या बहुमताने युनियन आणली, तीही वाहतूक कामगारांची! कोर्टकचेऱ्या झाल्या. 2013 मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅसिनोची बाजू घेतली: मालक स्वतः टिप खात नाही ना, मग वाटणी ठरवायला तो मोकळा. शेवटी 2018 मध्ये अमेरिकेच्या संसदेने देशभरासाठी कायदा बदलला. मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांनी कामगारांच्या टिपेतला कुठलाही भाग ठेवायचा नाही. बारा वर्षं लागली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संगीत बारीतल्या दौलतजादाची वाटणी आठवा. नाचणारी, वाजवणारे, थिएटरमालक, सगळ्यांचे वाटे. पैसे उधळणारा तिच्यासाठी उधळतो, वाटणी दुसराच कुणी ठरवतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. ज्यासाठी आलो ते आता भरभर सांगतो.

कामाच्या समाधानाबद्दल. रूलेटच्या युरोपीय चाकावर 37 घरं असतात आणि एका आकड्यावर पैसे लावून जिंकणाऱ्याला लावलेले पैसे परत आणि वर 35 पट मिळतं. कॅसिनोचा 2.7 टक्के फायदा त्या रचनेतच आहे. डीलरच्या हातात काहीही नाही, तरी हरणारा ओरडतो त्याच्यावरच. त्यात भर सिगारेटच्या धुराची. लास वेगासच्या डीलरांच्या लघवीच्या तपासणीत तंबाखूतला कर्करोगकारक घटक शिफ्टअखेरीस वाढलेला अमेरिकी सरकारी संस्थेलाच आढळला होता. न्यू जर्सीतले डीलर धूम्रपानबंदीसाठी 2024 मध्ये कोर्टात गेले, ते याचमुळे. अशा कामात, रात्री एखाद्याने जाताना चिप सरकवली तर ती नुसते पैसे नसते, कुणीतरी आपल्याला माणूस म्हणून पाहिलं याची खूण असते. म्हणून टिप बंद करा असं मी म्हणत नाही.

पगाराचं म्हणाल तर जर्मनीत टिप एका सामाईक पेटीत जाते आणि तिच्यातूनच डीलरांचे पगार होतात. म्हणजे खेळणारेच पगार देतात, हेही मला पटत नाही. नेवाडात निदान टिपेचं कारण सांगून किमान वेतन कमी करता येत नाही.

आपल्याकडे? महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. गोव्यात 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांना परवानगी मिळाली. तेव्हापासून परवाना शुल्कावर चर्चा, 28 टक्के जीएसटीवर चर्चा, आता 40 टक्क्यांवर चर्चा. 2016 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांच्या खटल्यात सांगितलं, की गिऱ्हाइकाने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, म्हणून मालकाने तिच्यावर टीडीएस कापायला नको. कराच्या दृष्टीने ठीक. पण पगार नव्हे म्हटल्यावर भविष्यनिर्वाह निधीत ती येत नाही, ग्रॅच्युइटीत येत नाही, घरकर्जासाठी बँकेला दाखवायच्या पगारपत्रकातही येत नाही. पंचविशीतल्या मुलाला हे जाणवत नाही. चाळिशीत गुडघे दुखायला लागले की जाणवतं.

म्हणून मागणी एवढीच आहे. परवाना सरकार देतं, तेव्हा परवान्यातच अट घालावी. टिपेचा हिशेब महिन्याच्या महिन्याला कामगारांना दाखवायचा, वाटणीचे नियम त्यांच्या संमतीने लेखी ठरवायचे, देखरेख करणाऱ्यांचा त्यात वाटा नाही, आणि मूळ पगार टिप धरल्याशिवाय पोटापुरता असला पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी चार ओळी वाढवल्या तरी पुरे.