डोलत्या फळीवरची पकड

तान्ह्या पोळ्याला नागपुरातली पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी जातात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांपासूनची ही रीत. लहानपणी ज्यानं तो बैल ओढलाय त्याला ठाऊक असतं, रस्त्यावर चाकं छान फिरतात, पण कोणाच्या गुळगुळीत फरशीवर आली की फिरायचं सोडून घसरतात.

धरमपेठेतल्या या गॅरेजात रोबोट बनवणाऱ्या मुलांची भांडणं त्या घसरण्यापायीच होतात.

समोरची डोलती फळी प्लायवूडची, घरीच ठोकलेली. कल्पना मात्र अमेरिकेत सुरू झालेल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेतली. २०२३ च्या ‘चार्ज्ड अप’ या खेळात शेवटी एका बाजूचे तीन रोबोट अशाच फळीवर चढायचे. नुसते चढले तर प्रत्येकी ६ गुण, फळी २.५ अंशांच्या आत समतल राहिली तर १०. तिथला एकेक रोबोट सत्तर किलोच्या घरातला. इथले त्या मानानं बारके आहेत.

मुलांना आधी वाटलं, मोटर दमदार हवी. मलाही तसंच वाटलं होतं. मोटर दमदारच निघाली, चाकं मात्र जागच्या जागी भिरभिरली. १५ अंशांच्या चढाला, सगळी चाकं मोटरवर असतील तर घर्षणांक, म्हणजे चाकाच्या पकडीचा आकडा, निदान ०.२७ लागतो. निम्मं वजन मोकळ्या चाकांवर पडलं, की तोच आकडा दुप्पट. रबराला तेही जमतं, पण एप्रिलची धूळ बसली की रबरही हात टेकतं. म्हणून प्रत्येक फेरीआधी चाकांवर ओलं फडकं फिरतं.

खरी गंमत दुसरा रोबोट चढल्यावर. फळी कलते, आणि आधी निवांत उभा असलेला पहिला अचानक उतारावर येतो. त्याला ओम्नी चाकं आहेत. त्यांच्या कडेला छोटे रोलर, त्यामुळे वळायला झकास, पण बाजूनं धक्का बसला तर धरून ठेवायला काहीच नाही. एकदा घसरला की पकड आणखी कमी होते, वजन सरकतं, फळी अजून कलते.

“आपला तं उभाच होता, यानंच ढकललं ना!”

आता ओम्नीवाला मध्ये, रबरी चाकांचे दोघं कडेला. तिघांच्याही मोटरी ब्रेक मोडवर, म्हणजे थांबल्यावर चाकं सहजी फिरत नाहीत.

फळीवर गवंड्याची पाणसळ ठेवली आहे. बुडबुडा मधोमध आलाय का, ते सगळे लांबूनच वाकून बघतात. हात लावायची कोणाची हिंमत नाही.