हे वाटणं नेमकं कुणाचं?

[पडद्यावर: चौकटीच्या नक्षीचं टेबल, त्यावर जाड काच. अर्ध्या काचेखालची नक्षी एकदम खाली उतरलेली.]

एक वर्षाचं बाळ या टेबलावर रांगतंय. पलीकडच्या टोकाला आई उभी आहे. मधे काचेखाली जमीन खोल गेल्यासारखी दिसते. खोली फक्त 30 सेंटिमीटर, पण बाळाला प्रश्न पडावा इतकी. काच भक्कम आहे, पडायची भीती नाही. पण हे त्या जिवाला कुठून ठाऊक असणार? ते कडेशी येऊन थबकतं. खाली बघतं. आणि मग मान वर करून आईच्या तोंडाकडे बघतं.

हा प्रयोग 1985 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आयांना सांगितलं होतं, बोलायचं नाही, फक्त चेहऱ्यानं दाखवायचं. कुणी हसरा चेहरा ठेवला, कुणी घाबरलेला. हसरा चेहरा दिसला त्या 19 बाळांपैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. घाबरलेला चेहरा दिसला त्या 17 बाळांपैकी एकही गेलं नाही.

खड्डा तोच होता. भ्यायचं की नाही, हे बाळानं आईला विचारून ठरवलं. तोंडात धड शब्द नव्हते तेव्हा.

आपण दिवसातून शंभर वेळा म्हणतो, 'मला असं वाटतं', आणि ते वाटणं अगदी आपलं, आतलं, खासगी आहे असं धरून चालतो. त्या 'मला'मध्ये इतर किती जण दाटीवाटीनं बसलेत, ते पाहायला आपण आता निघालोय.

[पडद्यावर: डोंगराळ प्रदेश, धुकं, पायवाट.]

एक गोष्ट आधीच मान्य करू. भावनांची माती सगळीकडे बरीचशी सारखी आहे. 1967-68 मध्ये पॉल एकमन हे मानसशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे लोकांकडे गेले. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेली, चित्रपट वगैरे न पाहिलेली माणसं. एकमन त्यांना छोटी गोष्ट ऐकवत, 'या माणसाचं मूल गेलंय', आणि चेहऱ्यांचे फोटो पुढे ठेवून विचारत, यातला तो कुठला? बहुतेकांची निवड परदेशी माणसाच्या निवडीशी जुळली. भीती आणि आश्चर्य यांत मात्र गल्लत झाली.

ती गल्लत मला महत्त्वाची वाटते. कारण पुढे 2016 साली त्याच देशातल्या ट्रोब्रियंड बेटांवर काही संशोधकांनी डोळे विस्फारलेला, तोंड उघडं पडलेला चेहरा दाखवला. पाश्चात्त्य माणूस ज्याला 'घाबरलेला' म्हणेल, तो. तिथल्या मुलांना त्या चेहऱ्यात भीती दिसली नाही. त्यांना तो समोरच्याला धमकावणारा, अंगावर येणारा चेहरा वाटला. म्हणजे चेहऱ्याचे स्नायू तेच, आणि वाचन जवळजवळ उलटं.

[पडद्यावर: एकेक शब्द उमटतो आणि विरतो.]

हुरहुर. रुखरुख. हळहळ. चुटपुट. तगमग. घालमेल.

मराठी माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. हुरहुर पुढच्याची असते, रुखरुख मागच्याची. हळहळ दुसऱ्यासाठीही वाटते, चुटपुट मात्र आपली आपल्यालाच लागते. हे शब्द नसते तर त्या भावना नसत्या, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण त्या एकमेकींपासून अशा सुट्या उभ्या राहिल्या असत्या का, याची मला शंका आहे. रुसणं घ्या. रागावता कुणावरही येतं, रुसता येतं फक्त आपल्या माणसावर. समजूत काढायला कुणी येणार, याची खात्री असल्याशिवाय कोण रुसेल? एवढं सगळं नातं त्या एका क्रियापदात भरलेलं आहे, आणि आपण ते कुणाच्या तरी कडेवर असताना शिकलो.

1960च्या दशकात रॉबर्ट लेव्ही हे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ ताहिती बेटांवर राहिले. तिथे रागाच्या छटांना भरपूर शब्द होते. दुःखाला मात्र नेमका शब्द सापडेना. जवळचं माणूस सोडून गेलेला मनुष्य सांगायचा, अंग जड झालंय, बरं वाटत नाही, थकवा आलाय. लेव्हींना समोर दुःखी माणूस दिसत होता. त्या माणसाच्या लेखी तो आजारी होता. आता यात बरोबर कोण? मला वाटतं, हा प्रश्नच तितकासा बरोबर नाही. कारण आजार समजलं की माणूस आजारावरचे उपाय शोधतो, दुःख समजलं की दुःखावरचे. नावावरून पुढचे दिवस ठरतात.

आणि नावं बदलतातही. 1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं एका रोगावर प्रबंध लिहिला. घरापासून लांब असलेली माणसं खंगत जायची, खाणंपिणं सोडायची. ग्रीकमधले परतणं आणि वेदना असे दोन शब्द जोडून त्यानं रोगाला नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. उपाय एकच, घरी पाठवा. आज जुने फोटो चाळताना तोच शब्द आपण किती सुखानं वापरतो.

[पडद्यावर: बर्फ. लांबवर एक तंबू.]

आता थोडं थांबून एकच प्रसंग जवळून बघू.

1963 साली जीन ब्रिग्ज ही अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तरेला चँट्री इन्लेट नावाच्या खाडीशी पोचली. तिथे इन्युइट लोकांचा उत्कू नावाचा छोटा गट राहायचा. एका कुटुंबानं तिला मुलगी मानून आपल्यात घेतलं. थंडी हाडं फोडणारी, जागा अपुरी, आणि या सगळ्यात कुणी कुणावर आवाज चढवत नाही. मुलांवरसुद्धा नाही. त्यांच्या भाषेत 'इहुमा' म्हणजे समज. ती वयाबरोबर वाढते. लहान मूल चिडतं कारण त्याला अजून इहुमा नाही. मोठ्या माणसानं चिडणं म्हणजे त्याचं मोठं होणं राहूनच गेलं.

उन्हाळ्यात बाहेरचे हौशी मासेमार विमानानं यायचे आणि या लोकांच्या होड्या मागून न्यायचे. होडी म्हणजे तिथे पोटाचं साधन. एकदा एक होडी त्यांनी फोडली आणि दुसरी मागायला आले. ब्रिग्जला राहवलं नाही. तिनं त्यांना थंड आवाजात सुनावलं की आता एवढी एकच उरली आहे, आणि ती द्यायची मालकाची इच्छा नाही. मग ती मालकाकडे वळली. तो तिचा मानलेला बाप. तो म्हणाला, नेऊ दे त्यांना.

ब्रिग्ज तंबूत जाऊन रडली. त्यानंतर तिला वाळीत टाकलं गेलं. पण कसं? कुणी अपशब्द बोललं नाही. जेवण येत होतं, विचारपूस होत होती. फक्त तिच्या तंबूत कुणी येईना, बसेना. हे इतकं हळुवार होतं की आपल्याबाबत काय चाललंय, हे कळायलाच तिला वेळ लागला. ती त्यांच्याच बाजूनं रागावली होती, आणि त्यांच्या लेखी ती एक धोकादायक, न वाढलेली बाई ठरली होती. सुमारे तीन महिने हे चाललं. शेवटी तिनं बाहेरगावी पाठवलेल्या पत्रातला खुलासा फिरून त्यांच्यापर्यंत पोचला, की हिचा राग तुमच्यासाठीच होता, तेव्हा कुठे बर्फ वितळला.

उत्कू लोकांना राग येतच नव्हता का? मला ते पटत नाही. पण रागाचं काय करायचं, हे तिथे फार लहानपणी शिकवलं जात होतं. ब्रिग्जही शिकूनच आली होती, फक्त दुसऱ्या शाळेत. अन्याय दिसला की बोलायचं, गप्प बसणारा भित्रा. हा धडा ती विसरू शकली नाही, कारण तो धडा आहे हेच तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

रागाचा परवाना एकाच समाजातही सगळ्यांना सारखा मिळत नाही. साहेब चिडला तर कडक, हाताखालचा चिडला तर उद्धट. 2008 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात नोकरीच्या ठिकाणी चिडलेल्या पुरुषाचं वजन लोकांच्या नजरेत वाढलं, चिडलेल्या बाईचं घटलं. हे रोज अनुभवणाऱ्या बायकांना यात नवं काहीच वाटणार नाही.

[पडद्यावर: हातोडा, करवत, कुऱ्हाड, ओंडका.]

विचारांचंही असंच आहे. 1931-32 मध्ये अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत फिरले. या चार वस्तूंतली वेगळी कुठली? शाळेत गेलेला म्हणणार ओंडका, बाकी हत्यारं. न शिकलेले शेतकरी म्हणाले, चारही लागतात. ओंडका काढला तर करवत काय कापणार? आणखी एक कोडं होतं: उत्तरेला बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेला बर्फात आहे, तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? एकाचं म्हणणं असं की मी काळं अस्वल पाहिलंय, बाकीची पाहिलेली नाहीत. जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलत नाही.

यात मला अडाणीपणा दिसत नाही. न पाहिलेल्याबद्दल साक्ष न देणं हा एक चोख नियम आहे. थोडंफार शिकलेल्या लोकांची उत्तरं मात्र बदलली होती. शब्दांवर विश्वास ठेवून, डोळ्यांनी न बघता निष्कर्ष काढायचा, हा शाळेचा संस्कार. आपल्या अंगात तो इतका मुरलाय की आपण त्यालाच बुद्धी म्हणतो.

[पडद्यावर: शाळेतली मुलं, दोन रांगा.]

आणि 'मी कोण'? हेन्री ताजफेल पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना ते जर्मनांच्या हाती सापडले. आपण ज्यू आहोत हे त्यांनी लपवलं नाही, पोलिश आहोत हे लपवलं. फ्रेंच युद्धकैदी म्हणून ते जगले. परतले तेव्हा घरचं जवळचं कुणीच उरलं नव्हतं. कागदावर कुठला देश लिहिलाय, यावर ज्याचं जगणं-मरणं ठरलं, त्या माणसानं पुढे आयुष्यभर गट या गोष्टीचाच अभ्यास केला, यात नवल नाही.

1970 साली त्यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. क्ली आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली, आणि तू क्लीवाला, तू कँडिन्स्कीवाला, असं सांगून टाकलं. खरं तर वाटणी कशीही केलेली होती. मग पैसे वाटायला दिले. स्वतःला काही मिळणार नव्हतं, आपल्या गटात कोण आहे तेही माहीत नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळावं, अशीही वाटणी केली. भांडण नव्हतं, इतिहास नव्हता. फक्त एक नाव चिकटवलं होतं. खऱ्या जगातली नावं तर पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेली असतात.

[पडद्यावर: जंगल, उतरता डोंगर. बराच वेळ कुणी बोलत नाही.]

शेवटची हकीकत फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरची. 1967 मध्ये रेनाटो आणि मिशेल रोझाल्डो हे जोडपं तिथल्या इलोंगोट लोकांत राहायला गेलं. या लोकांत माणसाचं मुंडकं तोडण्याची जुनी प्रथा होती. का, असं विचारल्यावर म्हातारी माणसं एका वाक्यात सांगायची. जवळचं माणूस गेलं की दुःखातून राग उसळतो. मुंडकं तोडून भिरकावून दिलं की तो रागही भिरकावला जातो. रेनाटोंना हे उत्तर फार साधं वाटलं. याच्यामागे काही खोल कारण असणार, देवाणघेवाण, समतोल, काहीतरी. ते शोधत राहिले.

सरकारी बंदीनं ती प्रथा थांबली. 1974 मध्ये रोझाल्डो पुन्हा तिथे होते. लोकांनी जुन्या उत्सवाच्या गाण्याची टेप ऐकवा म्हणून हट्ट धरला. टेप सुरू झाली, आणि लगेच त्यांनीच ती बंद करायला लावली. त्यांना ऐकवेना. गेलेली माणसं आठवत होती, आणि आता त्या रागाला जायला वाट नव्हती.

1981च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बेटावर, डोंगरातल्या पायवाटेवरून चालताना मिशेलचा पाय घसरला. ती दरीत पडली आणि गेली. रेनाटो तिच्या देहापाशी पोचले. आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आला तो राग. ही मला टाकून गेलीच कशी? पडायचा मूर्खपणा केलाच कसा? हुंदके येत होते, पण रागानं डोळ्यांतलं पाणी अडवून धरलं होतं.

ते ज्या समाजातून आले होते तिथे दुःखानं खचायला परवानगी होती, रडायलाही होती. गेलेल्या माणसावर संतापायला जागा नव्हती, म्हणून म्हाताऱ्याचं ते वाक्य त्यांना कानांनी ऐकू आलं, तरी कळलं नव्हतं. इलोंगोटांनी त्या रागाला जे रूप दिलं ते भयानक होतं, आणि रेनाटोंनी दोन्ही राग एकच आहेत असा दावाही केला नाही. त्यांनी एवढंच लिहिलं, की इलोंगोट जे पहिल्यापासून सांगत होते ते समजायला आपल्याला 14 वर्षं लागली.

[पडद्यावर: रिकामी पायवाट.]