पाण्यावर तरंगणारी फिल्म

(काचेची चकती गरगर फिरतेय)

नारिंगी द्रावणाचा एक थेंब. काच फिरते, थेंब पसरतो, द्रावक उडून जातो. रंगाकडे लक्ष ठेवा: नारिंगीचा जांभळट होतोय. विस्कटलेल्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना लागून बसू लागल्याची ही खूण. उरते ती शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीची फिल्म, म्हणजेच सौर सेलचा कामकरी थर.

यात दोन पदार्थ आहेत. पीथ्रीएचटी नावाचं पॉलिमर इलेक्ट्रॉन देतं आणि पीसीबीएम हे फुलरीन, म्हणजे कार्बनच्या पोकळ गोळ्यासारखा रेणू, तो घेतं. उजेड पडला की पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्यानं मागे सोडलेली जागा यांची घट्ट जोडी तयार होते. ही जोडी तुटते दोन पदार्थांच्या सीमेवर, पण तिची धाव जेमतेम १० नॅनोमीटरची. सीमा त्याहून लांब असली तर तो उजेड वाया गेला. बरं, दोन्ही अगदीच एकजीव केले तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून ही सीमा नेमकी कुठून जाते, हे डोळ्यांनी पाहायचंय.

(पाण्याचं भांडं, वरून)

सूक्ष्मदर्शकाचं कौतुक सगळेच करतात. आमच्या मते खरी कारागिरी इथे, या भांड्याशी आहे. फिल्मखाली पेडॉट या वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा थर आहे आणि तो पाण्यात विरघळतो. काच तिरकी धरून हळूच बुडवायची. कडेनं पाणी आत शिरतं, फिल्म सुटते आणि पाण्यावर तरंगू लागते. आता चिमट्यात तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी धरायची आणि फिल्म खालून अलगद उचलायची. हात जरा हलला की सुरकुती. ही पाहा, पडलीच. पुन्हा पहिल्यापासून.

(अंधारी खोली, हिरवट पडदा)

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा दिसतो नुसता करडा पडदा. दोन्ही पदार्थ मुख्यतः कार्बनचेच, मग फरक दिसणार कसा? फुलरीन थोडं जास्त घन असतं, म्हणून किंचित काळपट उमटतं. ती छटा उठून दिसावी म्हणून फोकस मुद्दाम जरासा बिघडवतात. इतर कुठल्याही छायाचित्रकाराला हे सांगून पाहा! त्यात घाईही असते, कारण ज्या इलेक्ट्रॉनांनी पाहायचं तेच पॉलिमरची मोडतोड करतात. म्हणून फोकस शेजारच्या जागेवर लावायचा आणि चित्र कोऱ्या, म्हणजे अजून इलेक्ट्रॉन न पडलेल्या जागेचं घ्यायचं.

(दोन चित्रं शेजारी-शेजारी)

डावीकडे काचेवरून काढलेली ताजी फिल्म. उजवीकडे तीच, तापवल्यानंतर. फिकट धागे दिसले? ते पॉलिमरचे स्फटिक. या विणीवर किती अवलंबून असतं पाहा: २००१ मध्ये दुसऱ्या एका पॉलिमरच्या सेलमध्ये टोल्युइन या द्रावकाऐवजी क्लोरोबेन्झीन वापरलं, फुलरीनचे मोठे गठ्ठे बारीक झाले आणि कार्यक्षमता जवळपास तिप्पट, २.५ टक्क्यांवर गेली. आज नव्या रेणूंच्या, प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलनी १८ टक्के ओलांडलेत.

(नमुना तिरका होत जातो)

आता जाळी थोडी-थोडी कलवत, दर कलाला एक चित्र. संगणक ती जुळवून थराचा त्रिमितीय ठोकळा बनवतो. रंग संगणकानं दिलेत, वळणं मात्र खरी आहेत. हा एक धागा धरून वर चला. वर, आणखी वर... इथे तो फुलरीनमध्ये अडकून संपला. शेजारचा मात्र थेट वरच्या पृष्ठभागापर्यंत पोचलाय.